हावभावाला दहापैकी किती?

जून २०२५. काल रात्री न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचं, दुसरं डिबेट पाहिलं. सात उमेदवार, दोन तास. सकाळी उठून बघते तर आमच्या ग्रुपवर निकालपत्रक तयार! कुओमो: आवाज भारदस्त, ८. ममदानी: हसतो फार, पोरगेला वाटतो, ६. लँडर: चष्मा.

अरे, चष्मा हा काय शेरा झाला? घरभाड्याबद्दल कोण काय बोललं, यावर चकार शब्द नाही. डोकंच फिरलं.

सातवीत मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. विषय 'पाणी हेच जीवन'. भाषण बाईंनी लिहिलेलं. 'हे मानवा!' म्हणताना उजवा हात वर, हेही बाईंनीच बसवलेलं. माझ्यानंतर आमच्याच वर्गातली एक मुलगी बोलली, खाली बघून, पुटपुटत. मे महिन्यात त्यांच्या आडाचं पाणी इतकं खाली जायचं की दोन दोर गाठ मारून जोडायचे, आणि ती गाठ रहाटात अडकायची. घंटा वाजली तेव्हा ती गाठीवरच होती. तिला उत्तेजनार्थही नाही.

बरं, चार लोकांसमोर नीट बोलता येणं हेही महापौराचं काम आहे. मान्य. पण २०२० मध्ये कुओमो न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते, तेव्हा त्यांच्या कोव्हिडच्या रोजच्या पत्रकार परिषदांमुळे आपण सगळे त्यांच्यावर फिदा होतो ना? त्या परिषदांसाठी त्यांना चक्क इंटरनॅशनल एमी, टीव्हीवरच्या कामाचं पारितोषिक, मिळालं! २०२१ मध्ये राजीनामा द्यावा लागला, तेव्हा परत घेतलं. म्हणजे करंडक दिलाच होता आपण. 'हे मानवा'ला.

आणि खरं सांगू? ममदानीने काल त्याचं नाव नीट न घेणाऱ्या कुओमोंना स्वतःच्या आडनावाची अक्षरं एकेक करून सुनावली, एम, ए, एम, डी, ए, एन, आय, तेव्हा मी सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवल्या. ऑफिसात माझ्या आडनावाचं सात वर्षं भजं होतंय, त्यामुळे असेल. वाक्य घरून पाठ करून आणलेलं असेलही. मी मात्र पैकीच्या पैकी देऊन मोकळी. मग त्याने कबूल केलेल्या फुकट बसचा पैसा कुठून आणणार, हा विषय निघाला की नाही, तेही मला सांगता येणार नाही. त्या आनंदात मी चहा टाकायला गेले होते.

ती मुलगी गाठ सोडवायची कशी, हे सांगणार होती बहुतेक. तेव्हा मी करंडक कुठल्या हातात धरायचा या विचारात.

उद्यापासून लवकर मतदान सुरू होतंय, मतपत्रिकेवर पसंतीप्रमाणे पाच जणांना क्रम द्यायचाय. आज रात्री डिबेट परत लावणार आहे, चहाच्या वेळचा भाग आधी. ग्रुप म्यूट केलाय.