दरमहा डिव्हिडंड येतो, ठीक आहे. पण येतो कुठून?

पार्ल्यात सध्या निम्म्या इमारती पत्र्याआड आहेत. रीडेव्हलपमेंट! जुन्या सभासदांना बिल्डरकडून कॉर्पस मिळतो, आणि रिटायर झालेल्या माणसाच्या खात्यात एवढी रक्कम एकदम आली की सल्ला द्यायला अख्खं गाव गोळा होतं. सध्याचा लाडका सल्ला असा: "काका, एफडीत काय सडवताय? घरांच्या कर्जात पैसा घालणाऱ्या अमेरिकन कंपन्यांचे शेअर घ्या. बारा-चौदा टक्के डिव्हिडंड, तोही दरमहा. घरबसल्या पेन्शन!"

माझं मत सरळ सांगते. या पैशावर रिटायर माणसानं घरखर्च बेतू नये. शेअर म्हणजे जुगार असं मी मुळीच मानत नाही, माझा स्वतःचा बराच पैसा शेअरमध्येच आहे. अडचण वेगळी आहे. हा डिव्हिडंड तयार कसा होतो ते सल्ला देणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

या कंपन्यांना मॉर्गेज रीट म्हणतात. (रीट म्हणजे एरवी इमारती घेऊन त्यांचं भाडं गुंतवणूकदारांना वाटणारी संस्था; मॉर्गेज म्हणजे गहाण-कर्ज.) यातल्या बऱ्याच जणांकडे भाड्यानं द्यायला एकही इमारत नसते, गृहकर्जांवर काढलेले रोखे असतात. ते घ्यायला स्वतःचं भांडवल थोडं आणि उसना पैसा भरपूर. एजीएनसी नावाची यातली एक मोठी कंपनी आहे. ती स्वतःच्या एका डॉलरमागे साधारण सहा-सात डॉलर उसने घेते, तेही अगदी थोड्या मुदतीवर, आणि त्यातून वीस-तीस वर्षांच्या कर्जांचे रोखे घेते. दोन व्याजांमधला फरक तसा किरकोळच, पण तो सहा-सात पट झाला की कागदावर चौदा टक्के दिसतात. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. त्यात अमेरिकन कायद्यानुसार करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग वाटावाच लागतो, म्हणजे वाईट दिवसांसाठी फारसं काही गाठीशी राहत नाही.

मग २०२२ उजाडलं. फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेनं, मार्चमध्ये शून्याजवळ असलेला दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेला. उसना पैसा महागला आणि हातातल्या जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची किंमत पडली. दोन्हीकडून मार. या रोख्यांमागे फॅनी मे, फ्रेडी मॅक या सरकारी पाठबळाच्या अमेरिकन संस्थांची हमी असते, त्यामुळे कर्ज बुडण्याची भीती जवळपास नाही, तरी एवढी पडझड झाली. ऑफिस इमारतींना कर्ज देणाऱ्या मॉर्गेज रीटचं दुखणं आणखी वेगळं, कारण कोविडनंतर तिकडची ऑफिसं रिकामी पडली. त्यातल्याच ब्लॅकस्टोन मॉर्गेज ट्रस्टनं २०२४ मध्ये तिमाही डिव्हिडंड ६२ सेंटवरून ४७ वर आणला.

आमच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अगं, पण दर महिन्याला येतात ना पैसे? मग भाव कुठे का जाईना." मी त्यांना एजीएनसीचाच हिशेब दाखवला. २०१२ मध्ये ही कंपनी शेअरमागे वर्षाला पाच डॉलर देत होती आणि शेअर तिशीच्या वर होता. २०२० च्या एप्रिलपासून ती महिन्याला १२ सेंट देते, म्हणजे वर्षाला १.४४ डॉलर, आणि २०२५ मध्ये भाव दहाच्या आसपास घुटमळत होता. टक्केवारी बघाल तर तेव्हाही चौदा-पंधरा, नंतरही चौदाच्या आसपास! कारण डिव्हिडंडबरोबर भावही खाली आला. काका बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होते. मधल्या काळात डॉलर वधारला म्हणून आपल्याकडच्या माणसाला तेवढी झळ बसली नसेल, हेही खरं. पण मिळालेल्या डिव्हिडंडचा मोठा भाग म्हणजे हप्त्याहप्त्यानं परत आलेलं आपलंच मुद्दल. शिवाय तिकडे २५ टक्के कर आधीच कापला जातो. इकडे रिटर्नमध्ये त्याची वजावट मिळते, पण धावपळ आपलीच.

"मग आपल्याकडच्या हाउसिंग फायनान्स कंपन्या?" हा पुढचा प्रश्न. त्या घ्या, पण डिव्हिडंडसाठी नको. एलआयसी हाउसिंगनं २०२४-२५ साठी शेअरमागे दहा रुपये दिले, शेअर तेव्हा साडेपाचशे-सहाशेचा, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. आणि धोका आहेच. डीएचएफएल ही अशीच हाउसिंग फायनान्स कंपनी, याच मुंबईतली. आयएल अँड एफएस ही रस्ते-पुलांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणारी बडी कंपनी कोलमडल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये तिचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त पडला. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेनं संचालक मंडळ बरखास्त केलं, २०२१ मध्ये कंपनी पिरामलकडे गेली आणि शेअरहोल्डरांच्या हाती भोपळा आला. एफडीवाल्यांनाही पूर्ण पैसे मिळाले नाहीत. तिथेही दुखण्याचं एक मूळ तेच होतं: थोड्या मुदतीचा उसना पैसा, लांब मुदतीची कर्जं. बिल्डरकडून आलेला कॉर्पस पुन्हा बिल्डरांना कर्ज देणाऱ्यांच्याच हवाली करायचा, हे मला तरी अजब वाटतं.

आपल्याकडचे शेअर बाजारात लिस्टेड असलेले, इमारतींचं भाडं वाटणारे रीट मला त्यातल्या त्यात पटतात. एम्बसी, माइंडस्पेस, नेक्सस यांच्या इमारती आपण जाऊन बघू शकतो. विक्रोळीला एलबीएस रोडवरचं '२४७ पार्क' किंवा नरिमन पॉइंटचं एक्सप्रेस टॉवर्स एम्बसीच्या मालकीचं आहे. वाटप साधारण पाच-सात टक्क्यांच्या घरात. त्यातही स्टेटमेंट उघडून बघा: काही भाग व्याज, काही डिव्हिडंड आणि काही चक्क कर्जफेड असते, म्हणजे रीटनं आपल्याच उपकंपन्यांना दिलेल्या कर्जाचं परत आलेलं मुद्दल. ती कर्जफेड उत्पन्नात धरून खर्च करू नका.

काकांना मी सांगितलं ते एवढंच. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्या ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी खात्यात जमा. काकूंच्या नावानं वेगळं खातं निघतं. ते भरल्यावर उरलेल्यातून थोडे रीट घ्या, थोडा इंडेक्स फंड. "यात मजा काय?" असं म्हणाले. मजेसाठी लाखभर रुपये एजीएनसीत घाला की, मी कुठे नको म्हणतेय, फक्त दूधवाल्याचं आणि औषधांचं बिल त्याच्यावर ठेवू नका.

आणि हो, ज्यांनी असे शेअर आधीच घेतलेत त्यांनी रिटर्न भरताना शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, भरायला विसरू नका. रक्कम कितीही लहान असो. सीएला आपणहून सांगा, तो विचारेलच असं नाही.