प्रतिक्रियेला उत्तर: मशीन चालवता येत असताना लेसरमध्ये पीएचडी कशाला?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत धातू कापायचं फायबर लेसरचं मशीन मुलगा दोन-तीन महिन्यांत शिकतो आणि कमावू लागतो. त्याला एमएस्सी-पीएचडीच्या सात-आठ वर्षांत अडकवू नका. पैशाच्या मुद्द्याकडे येतोच. पण संशोधक म्हणजे जास्त शिकलेला ऑपरेटर, हे मला मान्य नाही.

नाशिकमध्ये स्विचगिअरचं, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणांचं काम मोठं, म्हणजे तांब्याचे बसबार (वीज वाहून नेणाऱ्या जाड पट्ट्या) आलेच. माइल्ड स्टील कापताना मशीनमधल्या तक्त्यातून पॉवर, वेग, नोझल, गॅसचा दाब निवडला की भागतं. तांबं वेल्ड करायला घेतलं की तो तक्ता अपुरा पडतो. फायबर लेसरची तरंगलांबी साधारण 1.07 मायक्रॉन, थंड, घन तांबं त्यातला जेमतेम 5 टक्के प्रकाश शोषतं, बाकी परत फेकतं. त्यामुळे आधी जोड धरतच नाही. पॉवर वाढवली, तांबं वितळलं, की शोषण एकदम वाढतं. मग शिंतोडे उडतात आणि जोडात पोकळ्या राहतात. परत फिरलेला प्रकाश कधीकधी लेसर सोर्सलाच इजा करतो. बीम गोल फिरवत नेणं किंवा तांबं कितीतरी पट जास्त शोषतं तो 450 नॅनोमीटरचा निळा लेसर वापरणं, असे उपाय आहेत. पण कोणत्या जाडीला काय आणि किती, हे कोणीतरी जोड आडवे कापून, पॉलिश करून, मायक्रोस्कोपखाली पोकळ्या मोजून ठरवतं. संशोधन म्हणतात ते हे.

आता पैसे. 2023 पासून जेआरएफला (पीएचडी करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप) पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000, वर घरभाडे भत्ता. फेलोशिप नसेल तर पीएचडीला बसू नये, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. प्रवेशपरीक्षा अशा: बीएस्सीनंतर एमएस्सीसाठी जॅम, एमएस्सीनंतर पीएचडीसाठी नेट, गेट किंवा जेस्ट; मेकॅनिकल-मेटलर्जीवाल्यांना गेट. लेसर संशोधन करणारं इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आपल्याच मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे, त्यामुळे अंतराची भीती मला पटत नाही.

मुलं खरी अडतात ती हाताच्या कामात. एमएस्सीचा प्रकल्प पातळ थर बनवून आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी होणारी तपासणी) बाहेरून करून आणून संपतो. बीमची रुंदी कशी मोजाल, या साध्या प्रश्नाला उत्तर नसतं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. हेलियम-निऑन लेसर वीस मिनिटं तापू द्यावा, नाहीतर पॉवर हलत राहते. दाढीचं ब्लेड मायक्रोमीटर स्टेजवर बसवून बीममध्ये थोडं थोडं सरकवावं आणि मागे फोटोडिटेक्टरचं रीडिंग घ्यावं. प्रकाश 84 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर येईपर्यंत ब्लेड जेवढं सरकलं, तेवढी गॉसियन (मध्यावर सर्वात प्रखर, कडेला मंद होत जाणाऱ्या) बीमची त्रिज्या, म्हणजे जिथे तीव्रता मध्याच्या 13.5 टक्के उरते तिथपर्यंतची. स्टेज एकाच दिशेने फिरवावी; उलट फिरवली की स्क्रूचा ढिलेपणा रीडिंगमध्ये शिरतो. आलेख वरच्या टोकाला फार लवकर सपाट झाला तर डिटेक्टरवर जास्त प्रकाश पडतोय. आधी फिल्टर लावावा.

गाइड निवडताना लेसर आज चालू आहे का, सुट्या भागांना निधी आहे का आणि आधीच्यांना थीसिसला किती वर्षं लागली, हे त्या लॅबमधल्या विद्यार्थ्यांनाच विचारावं. आणि अंबडला वर्षभर मशीनवर काम केलेलं असेल, तर अर्जात ते ठळक लिहावं.