कॅलरी मोजणारी फुकट अ‍ॅप्स : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गोव्यातील मराठी घरांच्या, शाळांतील पालकांच्या आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश थोड्याफार शब्दांच्या फरकाने सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : फोनवर फुकट मिळणाऱ्या अ‍ॅपमध्ये खाल्लेला प्रत्येक घास नोंदवा, पोटात किती कॅलरी गेल्या आणि चालण्या-फिरण्यात किती जळल्या हे ते अचूक सांगते, रोज बाराशे कॅलरी आणि दहा हजार पावले एवढे सांभाळले की 7700 कॅलरींच्या तुटीमागे एक किलो या हिशेबाने वजन उतरणारच, म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असला तरी आहारतज्ज्ञाकडे आणि डॉक्टरकडे पैसे घालवण्याचे कारण नाही, आणि हे सगळे फुकट. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो याविषयी मला शंका नाही. पण यातले प्रत्येक विधान अर्धेच खरे आहे, आणि त्यातील एक विधान तर माणसाला थेट रुग्णालयात पोहोचवू शकते, म्हणून त्यांचा एकेक करून विचार करणे मला आवश्यक वाटते.

संदेशात खरे काय आहे ते आधी मान्य करतो. खाण्याची नोंद ठेवल्याने वजन कमी व्हायला मदत होते, याला चांगला आधार आहे. अमेरिकेत कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेने सुमारे 1700 लोकांवर केलेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरले होते. हे काम स्मार्टफोनवरची अ‍ॅप्स रुळण्याआधीचे आहे. पुढे 2014 मध्ये लॉस एंजेलिसमधील दवाखान्यांतल्या 212 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांतील काहींना एक लोकप्रिय फुकट अ‍ॅप वापरायला दिले होते आणि इतरांना दिले नव्हते. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही, आणि पहिल्या महिन्यानंतर अ‍ॅप उघडणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. उपयोग होतो तो रोज लिहिण्याच्या सवयीचा; ती सवय अ‍ॅप फोनवर उतरवून घेतल्याने आपोआप लागत नाही.

आता पहिला दावा, म्हणजे अ‍ॅप कॅलरी अचूक सांगते हा. कॅलरीचा सगळा हिशेब ज्यावर उभा आहे ते आकडे विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरवले : प्रथिनाच्या आणि कर्बोदकाच्या एका ग्रॅममागे 4 कॅलरी, स्निग्ध पदार्थाच्या ग्रॅममागे 9. सरासरी म्हणून ते आजही चालतात, पण प्रत्येक पदार्थाला सारखे लागू पडत नाहीत. आपल्या काजूचेच पाहा. अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी माणसांना प्रत्यक्ष काजू खायला देऊन केलेल्या मोजणीत 28 ग्रॅम काजूंतून शरीराला सुमारे 137 कॅलरी मिळाल्याचे दिसले, तर वेष्टनावरच्या हिशेबाने त्या 163 होतात. काजूतील काही तेल पेशींच्या भिंतींत अडकून राहते आणि पचल्यावाचून बाहेर जाते. ज्या पदार्थावर फोंड्यापासून डिचोलीपर्यंत कितीतरी घरांचा संसार चालतो, त्याच पदार्थाच्या बाबतीत अ‍ॅपचा आकडा इतका सरकतो.

ही चूक मात्र लहान आहे. खरी मोठी चूक होते ती नोंद निवडताना. बहुतेक फुकट अ‍ॅप्समध्ये पदार्थांच्या नोंदी वापरणाऱ्यांनी स्वतःच भरलेल्या असतात. ‘फिश करी’ असा शोध घेतला की नोंदींची रांग समोर येते : कोणाची टोमॅटोची, कोणाची थायलंडच्या पद्धतीची, कोणाची वाटीभर, कोणाची ‘एक सर्व्हिंग’, म्हणजे किती ते कोणालाच ठाऊक नाही. आपले हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातले मासळीचे कालवण, यांतल्या कशातच बसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते भरवशाचे आहेत आणि त्यांत 528 खाद्यपदार्थांची माहिती आहे, पण ते प्रामुख्याने कच्च्या जिन्नसांचे तक्ते आहेत. हुमण, खतखते, किसमूर किंवा आळसांद्यांचे तोणाक अशा गोव्यातील घरगुती पदार्थांचा आकडा ज्याला हवा असेल, त्याने घरातला नारळ, तेल आणि मासळी वजन करून तो स्वतःच काढावा लागतो.

तो काढायला बसले म्हणजे काय होते ते नारळावरून कळते. शंभर ग्रॅम ओल्या नारळाला अमेरिकेचा तक्ता 354 कॅलरी देतो, तर भारतात अनेक दशके वापरला गेलेला जुना तक्ता 444. दोन्ही आकडे प्रयोगशाळेत काढलेले आहेत. कोवळ्या आणि जून नारळातील तेलाचे प्रमाण निराळे असते, म्हणून त्यांत इतके अंतर पडते. त्यातच कोणी वाटण तसेच कालवणात घालते, तर कोणी रस पिळून चोथा टाकून देते, आणि त्या चोथ्याबरोबर किती तेल बाहेर गेले हे कोणतेही अ‍ॅप विचारत नाही. मासळीचीही तीच गत आहे. तारल्यांच्या अंगातले तेल ऋतूप्रमाणे कित्येक पटींनी कमी-अधिक होते. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी उठल्यानंतरच्या महिन्यांत येणारे तेलकट तारले आणि उन्हाळ्यातले कोरडे तारले यांना अ‍ॅपमध्ये मात्र एकच आकडा असतो. रवा लावून तळलेल्या तुकडीने तव्यावरचे किती तेल प्यायले, हेही नजरेने सांगता येत नाही, आणि पंधरा मिलिलिटरच्या एका चमचाभर तेलात सुमारे 120 कॅलरी असतात.

भाताची चूक तर या सगळ्यांना मागे टाकते. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 350 कॅलरी असतात; तोच शिजला की पाणी शोषून फुगतो आणि शंभर ग्रॅम भातात त्या सुमारे 130 उरतात. ताटातला दोनशे ग्रॅम भात मोजून घेणाऱ्याने अ‍ॅपमध्ये चुकून ‘तांदूळ’ ही कच्ची नोंद निवडली, तर 260 च्या जागी 700 कॅलरी लिहिल्या जातात. उकड्या तांदळाच्या पेजेत तर पाणी किती ठेवायचे हे प्रत्येक घर आपापल्या आवडीने ठरवते, त्यामुळे तिथे वाटीवरून काहीच ठरत नाही. सकाळी पेज घेणारा एखादा वयस्क माणूस अ‍ॅपवरचा फुगलेला आकडा पाहून पेज सोडतो आणि तिच्या जागी वेष्टनावर आकडा छापलेला आहे एवढ्याच कारणाने बिस्किटे खाऊ लागतो, हे मी पाहिले आहे, आणि या संदेशावरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ज्याचा आकडा सहज सापडतो ते अन्न माणसाला सुरक्षित वाटू लागते, आणि तसे अन्न बहुधा कारखान्यातले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खाऊ दिले, तेव्हा पहिल्या प्रकारच्या आहारात ती माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती.

जीवनसत्त्वे आणि खनिजे यांच्याविषयी थोडक्यात एवढेच, की लोकांनी भरलेल्या नोंदींत ते रकाने बहुतेक वेळा रिकामे असतात आणि रिकाम्या रकान्याची बेरीज शून्य होते. तांबडी भाजी खाऊनही अ‍ॅप लोह शून्य दाखवत असेल, तर तो दोष नोंदीचा आहे, भाजीचा नाही. त्या शून्यावरून गोळ्या विकत आणू नयेत.

दुसरा दावा जळलेल्या कॅलरींचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये मनगटावर बांधायची सात उपकरणे 60 स्वयंसेवकांवर तपासली. हृदयाचे ठोके सातांपैकी सहा उपकरणांनी चांगले मोजले, पण खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. मग ‘आज तीनशे जाळल्या, म्हणून तीनशे जास्त खायला हरकत नाही’ हा हिशेब कशाच्या बळावर करायचा? नुसत्या फोनवर पावले मोजणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. फोन अंगावर असेल तेव्हाच पाऊल मोजले जाते. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर फोन ठेवून दिवसभर विहीर, अंगण, माडी अशी ये-जा करणाऱ्या बाईला संध्याकाळी तो ‘तुम्ही आज निष्क्रिय होता’ असे सांगतो. शेतात वाकून रोपणी करण्याचे कष्टही त्याला दिसत नाहीत.

दहा हजार पावलांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियोच्या 1964 मधील ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये, जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले आणि त्याच्या नावातच दहा हजार होते. तिथून तो जगभर पसरला. सरासरी 72 वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांवरच्या 2019 मधील अभ्यासात मृत्यूचे प्रमाण सुमारे साडेसात हजार पावलांपर्यंत घटत गेले आणि त्यापुढे फारसे बदलले नाही. सुमारे 4400 पावले चालणाऱ्या स्त्रियांनाही त्याहून कमी चालणाऱ्यांच्या मानाने स्पष्ट लाभ दिसला. गुडघे दुखत असताना दहा हजारांसाठी स्वतःला फरफटत नेण्याची गरज नाही, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे.

तिसरा दावा 7700 कॅलरींमागे एक किलो, हा. पौंडाला 3500 कॅलरी असा हा हिशेब मॅक्स विश्नोफ्स्की यांनी 1958 मध्ये मांडला आणि चरबीच्या ऊतीतील साठवलेल्या ऊर्जेपुरता तो ठीक आहे. पण वजन उतरू लागले की शरीराचा रोजचा खर्चही कमी होतो, त्यामुळे तीच तूट पुढच्या महिन्यांत तेवढे वजन उतरवत नाही. ज्याला असा अंदाज हवाच असेल, त्याच्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे फुकट गणकयंत्र संकेतस्थळावर आहे, आणि ते हा बदल हिशेबात धरते. तिसऱ्या महिन्यात वजन अडले म्हणून स्वतःला दोष देणारे, जेवण आणखी कमी करणारे लोक या एका ओळीच्या गणिताचे बळी आहेत.

बाराशेचा आकडा सरसकट सगळ्यांना देणे तर मला अक्षम्य वाटते. वाढत्या वयाची मुलगी, गरोदर किंवा अंगावर पाजणारी स्त्री, बांधकामावर राबणारा तरुण यांना तो पुरणारा नाही. शाळकरी मुलींच्या हाती असे अ‍ॅप देताना आईवडिलांनी विशेष जपावे. खाण्याच्या विकारांवर उपचार घेणाऱ्या 105 जणांच्या 2017 मधील पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण कॅलरी मोजणारे एक अ‍ॅप वापरत होते, आणि त्यांतील 73 टक्के रुग्णांनी त्या अ‍ॅपने आपल्या विकारात भर घातली असे सांगितले.

आता चौथा दावा, डॉक्टरची गरज नाही हा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : प्रौढांमध्ये 26.4 टक्के, देशाची सरासरी 11.4 टक्के असताना. ज्या राज्यात चार प्रौढांमागे एकाला मधुमेह आहे, तिथे हा संदेश शंभर जणांच्या गटात गेला तर त्यातील पंचवीसएक जण मधुमेही असू शकतात. त्यांच्यापैकी जे इन्सुलिन घेतात, किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांच्या औषधाची मात्रा नेहमीच्या जेवणावर बेतलेली असते. जेवण एकदम बाराशेवर आणले आणि औषध तेवढेच ठेवले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते : दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि वेळीच साखर मिळाली नाही तर शुद्ध हरपणे. वयस्क माणूस रात्री झोपेत असताना हे झाले तर घरच्यांच्या लक्षातही येत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी अ‍ॅपने सुचवलेले प्रथिनांचे उद्दिष्ट गाठू नये. रक्तदाबाच्या रुग्णाने खारे बांगडे आणि लोणचे खाल्ले, तरी घरच्या मिठाची मोजणी अ‍ॅपजवळ नसते. वजनाचा निकषही तपासून घ्यावा : अनेक अ‍ॅप्स 25 च्या पुढचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) जास्त मानतात, तर भारतीयांसाठी डॉक्टर ती मर्यादा 23 धरतात, आणि कंबर पुरुषाची 90 व स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगतात. अ‍ॅपच्या हिरव्या खुणेवर विसंबून निर्धास्त राहिलेला माणूस या मोजपट्टीवर धोक्यात निघू शकतो.

नोंदींचा खरा उपयोग डॉक्टरसमोरच होतो. दोन आठवड्यांच्या जेवणाच्या वेळा, भाताच्या वाट्या, चहातली साखर, संध्याकाळचे पाव आणि त्याबरोबर घरी तपासलेली रक्तशर्करा असा कागद समोर ठेवला, तर औषध कुठे कमी करायचे हे त्यांना ठरवता येते. त्यासाठी कॅलरीचा एकही आकडा लागत नाही. साखरेची तपासणी आणि सल्ला यांसाठी आपल्या तालुक्यातले सरकारी आरोग्य केंद्र आहे, त्यामुळे ‘पैसे घालवणे’ हा मुद्दाही टिकत नाही.

शेवटचा दावा फुकटपणाचा. आज फुकट असलेली सोय उद्याही तशीच राहील याची हमी नाही : मायफिटनेसपाल या कॅलरी मोजणाऱ्या अ‍ॅपने वेष्टनावरचा बारकोड वाचण्याची आधी फुकट असलेली सोय ऑक्टोबर 2022 मध्ये पैसे भरणाऱ्यांपुरती केली. त्याच सेवेतील सुमारे 15 कोटी खात्यांची नावे, ईमेल पत्ते आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड 2018 मध्ये चोरीला गेले होते. त्याच वर्षी, धावण्या-चालण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपने आदल्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून लष्करी तळांवरील सैनिकांचे रोजचे मार्ग उघड झाले. आपण काय खातो, वजन किती, कोणता आजार आहे, रोज किती वाजता कोणत्या रस्त्याने चालतो, ही माहिती आपण स्वतःच भरत असतो. म्हणून अ‍ॅप घेताना ठिकाण आणि संपर्क पाहण्याची परवानगी नाकारावी, आजाराचा रकाना रिकामा ठेवावा, आणि इतरत्र वापरलेला पासवर्ड तिथे देऊ नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याची तरतूद आहे. फोनवरून अ‍ॅप काढल्याने खाते मिटत नाही. आधी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन खाते हटवावे, त्याची खात्री करणारा ईमेल आल्याचे पाहावे, आणि मगच अ‍ॅप काढावे.