एफ६ दाबलं की झालं? एक्सपीच्या ड्रायव्हरबद्दलचा अर्धवट सल्ला

एक सल्ला अजून फिरतो: ‘विंडोज एक्सपी टाकताना हार्ड डिस्क दिसत नसेल तर ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या आणि एफ६ दाबा. नाहीच जमलं तर बायोसमध्ये आयडीई करा, एक्सपी टाका, मग परत एएचसीआय करा.’ (एफ६ ही सेटअपला डिस्कचा जादा ड्रायव्हर देण्याची कळ. बायोस म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम. आयडीई आणि एएचसीआय या डिस्कशी बोलण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती.) जुन्या यंत्रांसाठी ज्यांना आजही एक्सपी लागतं, त्यांचा यात दिवस जातो.

पेन ड्राइव्ह चालत नाही. एक्सपीचा निळा सेटअप एफ६चा ड्रायव्हर फक्त ‘ए’ ड्राइव्हवर, म्हणजे फ्लॉपीवर शोधतो. पेन ड्राइव्हवरून ड्रायव्हर घेण्याची सोय व्हिस्टापासून आली. गोंधळ बहुधा तिथलाच.

यूएसबी फ्लॉपीची गंमत वेगळी. पहिल्या वेळी ती वाचली जाते, कारण तेव्हा वाचन बायोसमार्फत होतं. फायली कॉपी करताना मात्र सेटअप स्वतःचे ड्रायव्हर वापरतो आणि त्याच्या यादीत ते मॉडेल नसेल तर ‘फ्लॉपी घाला’ म्हणत अडून बसतो. फ्लॉपी आतच असते! म्हणून मदरबोर्डला जोडलेला फ्लॉपी ड्राइव्ह बरा, आणि कॉपी संपेपर्यंत फ्लॉपी काढायची नाही.

‘एफ६ दाबलं, काहीच झालं नाही’ हीसुद्धा नेहमीची तक्रार. लगेच काही होतच नाही. खालच्या पट्टीवर सूचना काही सेकंद दिसते, तेव्हा दाबायचं. बऱ्याच फायली लोड झाल्यावर पडदा येतो. तिथे एस दाबायचं, मग यादीतून आपला कंट्रोलर (डिस्क हाताळणारी चिप) निवडून एंटर.

ड्रायव्हरची सेटअप डॉट ईएक्सई फ्लॉपीवर टाकून उपयोग नाही. फ्लॉपीच्या मुळाशी, कुठल्याही फोल्डरबाहेर, टीएक्सटीसेटअप डॉट ओईएम हवी. सोबत तिने सांगितलेल्या एसवायएस, आयएनएफ आणि कॅट फायली. ३२ बिट एक्सपीला ३२ बिटचाच संच.

आयडीईवरून एएचसीआयवर नुसतं परतणं सगळ्यात महाग पडतं. आयडीईत टाकलेल्या एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर बूटच्या वेळी सुरू होणाऱ्यांत नसतो. बायोस बदलला की विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही आणि निळ्या पडद्यावर ०x००००००७बी येतो. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेला संच) असेल तर आयडीईचा विचारच सोडा, तो संच दिसणार नाही.

फ्लॉपीच नसेल तर एनलाइट या प्रोग्रामने ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत मिसळा. तिथे ‘टेक्स्टमोड’ (निळ्या सेटअपसाठीचा) हा प्रकार निवडायचा. साधा पीएनपी (प्लग अँड प्ले) निवडला तर ड्रायव्हर पुढच्या रंगीत टप्प्यात मिळतो आणि डिस्क तर आधीच हवी असते. कंट्रोलर अंदाजाने निवडू नका. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवर ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही यंत्रातल्या चिपांची यादी दाखवणारी आज्ञा चालवा. इंटेलच्या आयसीएच८एम एएचसीआयला ८०८६:२८२९ दिसेल. त्यातले दोन्ही आकडे टीएक्सटीसेटअप डॉट ओईएममध्ये शोधा. नसतील तर तो संच तुमच्या यंत्राचा नाही.

एवढा खटाटोप नको असेल आणि एकच डिस्क असेल तर आयडीईत टाका आणि आयडीईतच राहू द्या. एनसीक्यू (डिस्कने कामांचा क्रम स्वतः लावणं) आणि चालू यंत्रात डिस्क बदलण्याची सोय जाईल. जुन्या यंत्राला त्याचं फारसं काही वाटत नाही.