मँचेस्टर युनायटेड पूर्ण विकलेला नाही: माझ्याच मेसेजचा खुलासा

मंडळी, परवा रात्री ग्रुपवर मीच टाकलं होतं, 'ग्लेझर गेले, सगळा क्लब आता रॅटक्लिपचा.' (ग्लेझर म्हणजे मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचं मालक अमेरिकन कुटुंब, आणि दुसरे ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ.) काल सात रस्त्यावर चहा पिताना एका अनोळखी पोराने तोच मेसेज मला दाखवला. 'रॅटक्लिफ'चं मी केलेलं 'रॅटक्लिप'सुद्धा तसंच! वर म्हणतो, "फिक्स आहे बे, काका."

फिक्स नाही. घाईत टाकलं, चूक माझी.

क्लबचे शेअर २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहेत, त्यामुळे असा व्यवहार लपून होत नाही. कंपनीला कागद जाहीर करावे लागतात. ते कागद मी काल बसून वाचले. २४ डिसेंबर २०२३ ला ठरलं ते रॅटक्लिफ यांनी २५ टक्के हिस्सा घेण्याचं, शेअरमागे ३३ डॉलरने. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्यवहार पुरा झाला. पुढे रॅटक्लिफ यांनी स्टेडियमसाठी आणखी पैसे घातले, तरी हिस्सा तीस टक्क्यांच्या आतच राहिला. फुटबॉलचा कारभार त्यांच्या माणसांकडे गेला, माझा घोळ तिथेच झाला. ग्लेझरांच्या 'ब' वर्गाच्या एका शेअरला दहा मतं असतात, साध्या शेअरला एक. त्यामुळे बहुमत ग्लेझरांकडेच राहिलं. (पटत नाही, मलाही नाही.)

आणि कतारच्या शेख जासिम यांनी क्लब घेतल्याचा दुसरा मेसेज? त्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्येच माघार घेतली होती.

माझा मेसेज कुठे पुढे पाठवला असेल तर तिथे हा टाका, आणि जुना कृपया थांबवा.