काळा पीट आणि खिडकीतला कप

डच माणूस तोंडावर बोलतो. ऑफिसात नवीन लागलेली मुलगीसुद्धा साहेबाला "हे मला पटत नाही" म्हणते आणि दोघं मजेत एकत्र जेवायला जातात. टीका पचवावी तर यांनीच, असं नेदरलँड्समध्ये आल्यावर मला वाटायचं. पण मुलांना भेटवस्तू आणणाऱ्या संत सिंटरक्लासच्या डिसेंबरमधल्या सणातला त्याचा नोकर झ्वार्टे पीट (काळा पीट), म्हणजे काळं फासलेला चेहरा, लालभडक ओठ आणि कुरळ्या केसांचा टोप, याचा विषय निघाला की हीच माणसं बिथरायची. "चिमणीतून उतरताना काजळी लागते त्याला!" "आम्ही कुठे वर्णभेद करतो?" "बाहेरच्यांनी शिकवू नये." 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका तज्ज्ञ बाईंनी हा सण थांबवावा असं म्हटलं, तर पीटच्या बाजूने निघालेल्या फेसबुक पेजला काही दिवसांत 20 लाखांवर लाइक्स मिळाले.

आमच्या घरच्या ग्रुपवर तरी वेगळं काय होतं? कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप अजून खिडकीत वेगळा का, एवढंच मी विचारलं. "मावशी घरच्यासारख्याच आहेत. दिवाळीला साडी देतो, मुलीची फी भरली." आणि मग, "तिकडे बसून बोलणं सोपं असतं." साडी खरी, फीही खरी. कपाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

तिकडे बसून बोलणं सोपं असतं, हे मला मान्य आहे. पण आगरकर पुण्यातच राहत होते, तरी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. पीटविरुद्धचा मजकूर छापलेला टीशर्ट घातला म्हणून 2011 मध्ये डॉर्ड्रेख्टला अटक झालेला क्विन्सी गारिओही डच नागरिकच.

मला वाटतं, खरं दुखणं निराळं आहे. तो वेगळा कप आईने ठेवलेला असतो, तिला तिच्या सासूने सांगितलेलं असतं. कपाला नाव ठेवलं की आईला नाव ठेवल्यासारखं लागतं. डच माणसाला पीट म्हणजे बालपणातली सगळ्यात आनंदाची संध्याकाळ. म्हणून माणूस कप सोडून आईची बाजू लढवत बसतो. आई प्रेमळ आहेच, तो वादच नाही, हे आधी बोलून टाकावं. मग कपाचं बोलता येतं.

तेव्हाचे डच पंतप्रधान रुटे आधी म्हणायचे, पीट काळाच आहे, त्याला मी काय करणार? जून 2020 मध्ये त्यांनी संसदेत आपलं मत बदलल्याचं सांगितलं. कृष्णवर्णीय लोकांशी, लहान मुलांशी ते बोलले होते आणि पीटमुळे त्या मुलांना काय वाटतं ते त्यांनी ऐकलं होतं. सरकारी बंदी त्यांनी तरीही नाकारली.

वहिनी म्हणाली, मग मावशींनाच विचारते. पण पगार देणाऱ्या बाईला त्या खरं कसं सांगतील? आधी सगळ्यांच्या कपातला एक कप त्यांच्या हातात दे, वहिनी. विचारायचं ते त्यानंतर विचार.