ऑइल थंड इंजिनातूनच काढायचं? कशासाठी?

सोलापुरातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी किक न मारता ऑइल काढा, कारण रात्रीतून सगळं ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं. गरम इंजिनात नवं ऑइल ओतलं तर तडा जातो. आणि आपल्या उन्हाळ्यात ऑइल मुळातच पातळ असतं, तापवायची गरज नाही.

पहिलं म्हणणं निम्मं खरं आहे, म्हणूनच पटतं. रात्रभरात ऑइल खाली येतं, यात वाद नाही. पण ऑइल बदलतो ते घाण बाहेर जावी म्हणून. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना एकच ऑइल असतं. म्हणजे काजळी, क्लच प्लेटांची झीज, गिअरचा चुरा, सगळं त्यातच. इंजिन फिरत असतं तोवर ही घाण ऑइलबरोबर फिरते. गाडी उभी राहिली की जड कण तळ गाठतात. वरण न ढवळता वाढलं की पाणी ताटात आणि डाळ पातेल्यात, तसलाच प्रकार.

त्यात घट्टपणाची भर. ऑइलच्या डब्यावर 10डब्ल्यू-30 असा ग्रेड लिहिलेला असतो. त्यातला 30 हा आकडा सांगतो की 100 अंशांना ऑइलचा घट्टपणा 9.3 ते 12.5 सेंटिस्टोकच्या (हे घट्टपणा मोजायचं एकक) दरम्यान आहे. तेच ऑइल 40 अंशांना साधारण सहा-सात पट घट्ट असतं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, सकाळी पारा पंधरा-सोळावर असतो, तेव्हाचं तर बोलायलाच नको. ऑइल सोडायचा खालचा नट काढून तासभर वाट बघायची तयारी असेल तर थंड ऑइलही बरंचसं निघेल, पण गॅरेजमध्ये तासभर थांबतो कोण?

तडा जाण्याची भीती बिनबुडाची. डब्यातलं लिटरभर ऑइल हवेइतकंच कोमट असतं, ते बारीक धारेनं चेंबरमध्ये जातं. इंजिनाच्या बाहेरच्या तापलेल्या फिन्सवर (पातळ पात्यांवर) थंड पाण्याचा पाइप सोडणं वेगळं. ते खरंच करू नये.

आता उन्हाळा. मे महिन्यात दुपारी 42-43 अंश असतात आणि उन्हात लावलेल्या गाडीचं इंजिन हवेपेक्षाही जास्त तापतं. इथे या सल्ल्याला थोडे गुण द्यावे लागतील: अशा गाडीला फार तापवावं लागत नाही. पण सल्ला सकाळी काढायला सांगतो, दुपारी नव्हे! शिवाय ऊन कितीही असलं तरी तळाचा गाळ उन्हानं ढवळला जात नाही. त्यासाठी दोन-तीन मिनिटं इंजिन चालवावंच लागतं.

काही जण नेमकं उलटं टोक गाठतात. तुळजापूरहून आल्या आल्या, सायलेन्सर चटके देत असतानाच, नटाला पाना लावतात. लांबच्या फेरीनंतर हवेवर थंड होणाऱ्या इंजिनातलं ऑइल 100 अंशांच्या आसपास असू शकतं. 60 अंशांचं पाणीसुद्धा पाचेक सेकंदांत कातडी खोलवर भाजतं, आणि ऑइल तर हाताला चिकटून राहतं. तापलेल्या अॅल्युमिनियममध्ये नटाचे आटे जाण्याचा धोकाही वाढतो.

मग नेमकं किती गरम? माझ्या मते 45 ते 60 अंश. थर्मामीटर नको. घरापासून गॅरेजपर्यंत, म्हणजे जुळे सोलापुरातून सात रस्त्यापर्यंत, गाडी चालवत न्या आणि दहा-पंधरा मिनिटं उभी करा. क्लच कव्हरवर तळहात टेकवून दोन-तीन सेकंद सहज ठेवता आला की पाना घ्या. डबल स्टँड लावा, वरचं झाकण उघडा, धार तुटून थेंब अगदी विरळ होईपर्यंत थांबा. नटाचा वायसर चेपला असेल तर नवा घाला.

स्प्लेंडरच्या जुन्या घराण्यातल्या गाड्यांना मात्र एवढ्यानं भागत नाही. त्यांच्या क्रँकवरच्या फिरत्या फिल्टरमध्ये गाळ लेपासारखा चिकटून बसतो. ऑइल थंड काढा की गरम, तो जागचा हलत नाही. त्यासाठी क्लच कव्हर उघडून फिल्टर पुसावा लागतो आणि कव्हरला नवं पॅकिंग लागतं. मिस्त्रीला ते आधीच आणून ठेवायला सांगा.